बगळा लाल का झाला?

"तांब्याची कळशी घेतल्याशिवाय मी या घराचा उंबरठा ओलांडणार नाही," राधाकृष्णमामांनी जाहीर केलं आणि ते खरोखरच उंबरठ्यावर जाऊन बसले.

बेलापूरच्या त्या घरात सकाळपासून पाठपिशव्या भरायचं काम चाललं होतं. साल त्र्याहत्तर, महिना मे. दुष्काळानं सगळ्यांचेच घसे कोरडे पडले होते, पण सुट्टी ती सुट्टी. मामांच्या सोबतीनं भैरोबाच्या डोंगरावर चढायचं आणि डोंगरांच्या माथ्यामाथ्यानं हिंडायचं, असा बेत परीक्षेच्या आधीपासून शिजत होता. बेतात तिघं होती. मुक्ता, तिचा चुलतभाऊ गोरक्ष आणि शेजारचा कानिफनाथ. गोरक्ष नववीत गेला होता आणि आपण मोठे झालो असं समजत होता. कानिफनाथ तिघांत लहान, पण खाण्यापिण्यात सर्वांत मोठा.

"मामा, कळशीभर उकळलेलं पाणी डोंगरावर नेणार कोण?" मुक्तानं विचारलं.

"गोरक्ष आहे की."

"मी माणूस आहे, मामा. गाढव नाही," गोरक्ष म्हणाला.

"म्हणून तर विनंती करतोय. गाढवाला विनंती करावी लागत नाही."

मुक्तानं हसू दाबलं आणि आपल्या पिशवीतून एक कापडी थैली काढली. घरातला पाणी गाळायचा पितळी फिल्टर गळायला लागला होता, तेव्हा त्याच्यातली पांढरी चिनीमातीची कँडल तिनं आईकडून मागून घेतली होती. कँडलच्या देठाला तिनं रबरी नळी बसवून सुतळीनं घट्ट आवळली होती. कँडल पाण्यात उभी करायची, नळीचं दुसरं टोक खाली धरून एकदा तोंडानं ओढायचं, की पाणी कँडलच्या अंगातून झिरपत खालच्या बाटलीत पडू लागतं. गढूळ पाणी वर राहतं, नितळ पाणी खाली येतं. सगळी थैली मिळून दोन कणसांएवढंही वजन नव्हतं.

कानिफनं तिचं नाव 'बगळा' ठेवलं होतं. पांढरा, एका पायावर पाण्यात उभा, म्हणून बगळा.

"हा खडू पाणी गाळणार?" मामांनी नाक मुरडलं. "आमच्या वेळी असली खेळणी नव्हती."

शेवटी तडजोड झाली. कळशी येईल, पण रिकामी, आणि गोरक्षच्या पाठीवर. बेलापूरपासून राजूरपर्यंत एसटीत ती प्रत्येक खड्ड्याला ठणठणत होती.

राजूरहून पायवाट धरली तेव्हा उन्हं चढली होती. वाटेतल्या एका डबक्याजवळ मुक्तानं बगळा पहिल्यांदा उभा केला. पाणी चहासारखं तांबूस होतं. बाटलीत आलं ते मात्र असं स्वच्छ की कानिफ त्यातून मामांच्या मिशा मोजू लागला. बगळ्याच्या अंगावर तांबड्या मातीचा लेप बसला होता. मुक्तानं जुन्या ब्रशानं तो घासला, आणि बगळा पुन्हा पांढराफेक झाला. मामा दोन पेले पाणी प्याले, पण तोंडानं कौतुक केलं नाही. मामांचं कौतुक असं सहज मिळायचं नाही.

कातळवाडीच्या अलीकडे, भैरोबाच्या डोंगराच्या पायथ्याला गोजरबाईंची झोपडी होती. झोपडीत चहाची चूल आणि मागे कड्यातून वाहणारा बारीक झरा. आसपासच्या विहिरी तळाला गेल्या, तरी हा झरा आटला नव्हता. वाटसरू इथे टेकायचे, चहा प्यायचे, आणि त्या चुलीवरच म्हाताऱ्या गोजरबाईंचं पोट चालायचं. आज मात्र चूल थंड होती.

"मावशी, चार चहा," मामांनी बसायच्या आधीच सांगितलं.

"चहा बंद हाय, बाबा," गोजरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "आठ दिस झालं, माझा चहा प्यालेल्या मानसांच्या पोटात कळा येत्यात. लोक म्हनत्यात, म्हातारीचं हात घान हायती. सरपंच उद्या येऊन चूल मोडनार हाय. वीस वरसं चूल पेटवली, कुनाला शिंक आली न्हाई. आता कुटं जाऊ मी?"

मुक्ताला त्या बोलण्यानं फार वाईट वाटलं. झोपडी तर आरशासारखी लख्ख होती. कपबशा राखेनं घासून उन्हात पालथ्या घातल्या होत्या. असे हात घाण कसे असतील?

"मावशी, तुमचं पाणी आमचा बगळा गाळून देईल. मग कुणाला काही व्हायचं नाही," ती म्हणाली.

झऱ्याखालच्या दगडी कुंडीत तिनं बगळा उभा केला. नितळ पाणी खाली पडू लागलं आणि मुक्ताची मान नकळत ताठ झाली. बाकीच्यांनी घोट घोट घेतलं, कानिफनं मात्र दोन तांबे रिकामे केले. पाणी जरा तुरट लागतंय असं तो म्हणाला, पण कानिफला फुकटचं काहीही चालायचं.

संध्याकाळी कानिफ पोट धरून गडाबडा लोळू लागला. जीभही चरचरते म्हणाला. गोजरबाईंनी त्याला शेजारून आणलेलं ताक पाजलं, तेव्हा कुठे तो शांत झाला.

"तुझा बगळा बावळट निघाला गं," मामा म्हणाले. "दिसायला भगत, पण कामाला शून्य."

मुक्ताला रडू येत होतं. आपल्या शब्दावर विसंबून कानिफ पाणी प्याला आणि आजारी पडला, हे तिला सहन होत नव्हतं. सकाळी उजाडताच ती बगळा घासायला बसली. वाटेतल्या डबक्याची माती तांबडी होती, ब्रश फिरवताच निघाली होती. हा लेप राखाडी होता आणि ब्रशाला दाद देत नव्हता. तिनं नखानं खरवडलं. लेप खरखरीत होता, वाळून दगडासारखा घट्ट झाला होता.

"गोरक्ष, माती वाळली की भुगा होते ना?"

"होते."

"मग ही का होत नाही?"

गोरक्षनं बगळा हातात घेतला, बोटानं खरवडला आणि त्याचे डोळे मोठे झाले. मागच्या वर्षी त्यांच्या घराला गिलावा केला होता, तेव्हा महिनाभर तो गवंड्यांच्या पायात पायात करत होता. "मुक्ते, हे सिमेंट आहे!"

"म्हणजे बगळा बावळट नाही," मुक्ता हळूच म्हणाली. "त्यानं गाळ अडवला. पण सिमेंटचं जे पाण्यात विरघळलं ते त्याच्या अंगातून पार गेलं. मीठ नाही का जात? मिठाचं पाणी कितीही गाळा, खारटच राहतं."

"आणि ते माझ्या पोटात गेलं," कानिफ पांघरुणातून म्हणाला.

सिमेंट म्हटल्यावर शोधायला लांब जायला नको होतं. डोंगराच्या पल्याड दुष्काळी कामावर बंधारा बांधत होते. मामा अजून घोरत होते. कानिफला त्यांच्या राखणीला ठेवून दोघं कड्याच्या बाजूनं वर चढली.

डोंगराच्या खांद्यावर कातळात खोदलेलं एक जुनं टाकं होतं. शेवाळामुळे त्याचं पाणी कुणी पीत नसे. आज त्या पाण्याचा रंग चुलीतल्या राखेसारखा होता, आणि भोवतीच्या खडकांवर गोणपाटाची पोती वाळत घातली होती. त्यांच्यावरची सिमेंटची अक्षरं धुऊन धुऊन पुसट झाली होती.

"ए पोरांनो, पोत्यांना हात लावू नगा!" वरून हाक आली. बंधाऱ्याचा मुकादम आसाराम काठी टेकत खाली उतरत होता.

"मुकादम, ही पोती इथं का धुता?" गोरक्षनं विचारलं.

"मग कुटं धुवू? गावच्या हिरीवर काय बी धुवायचं न्हाई, सरपंचाचाच हुकूम हाय. आनि धुवायची का, त्ये बी सांगतो. बाया खडी फोडत्यात, त्यांची तान्ही लेकरं सावलीला या पोत्यांवर निजत्यात. सिमेटानं लेकरांच्या अंगावर फोड उठलं. म्हनून धुऊन घेतो."

मुक्ताला वाटलं होतं, मुकादम म्हणजे कुणी तरी दुष्ट असणार. हा माणूस तर लेकरांसाठी पोती धुवत होता. तिला त्याचा राग करता येईना.

"पण मुकादम, हे पाणी खाली गोजरमावशींच्या झऱ्यात जातंय."

आसाराम मोठ्यानं हसला. "आगं पोरी, ह्यो आख्खा कडा मधी हाय. टाक्याचं पानी टाक्यात. त्ये कुटं जात न्हाई."

दोघं खाली आली तर सरपंच सहादेवराव येऊन बसले होते. शेजारी मामा, आणि समोर पदरानं डोळे पुसणाऱ्या गोजरबाई. मुक्तानं बगळा पुढे धरून सगळं सांगितलं. सरपंचांनी डबीतून चुना काढला, तळहातावरच्या तंबाखूत मळायला घेतला आणि मान हलवली.

"टाकं वर, झरा खाली, मधी कातळ. कातळातनं पानी जायला त्याला काय पाय हायती? पोरांच्या बोलन्यावर पंचायत चालत न्हाई. मला डोळ्यांनी दिसाया पायजेल."

"दाखवलं तर?" मुक्ता म्हणाली. "टाक्यात आम्ही हळद टाकतो. बगळा इथं कुंडीत उभा करतो. बगळा पिवळा झाला तर मानाल? तोवर चूल मोडायची नाही."

सरपंचांनी मळलेली चिमूट ओठाआड ठेवली. "मानतो. पन न्हाई झाला, तर चूल मोडायची."

गोजरबाईंनी घरातली होती नव्हती ती सगळी हळद फडक्यात बांधून दिली. वर्षभराची हळद होती ती. गोरक्ष ती घेऊन डोंगर चढला आणि आसारामच्या डोळ्यांदेखत टाक्यात मोकळी करून काठीनं ढवळली. राखेसारख्या गढूळ पाण्यात ती दिसेनाशी झाली, आणि रंग बघायला न थांबता तो फडकं घेऊन खाली पळाला. आसारामला गंमत वाटली, तोही मागोमाग खाली आला. मुक्तानं बगळ्याचा जुना लेप खडकावर घासघासून काढला होता. पांढरा बगळा कुंडीत उभा राहिला. नळीतून थेंब पडू लागले.

थांबण्यासारखं कठीण काम नाही. ऊन डोक्यावरून कलायला लागलं. मामांनी एक डुलकी काढली. सरपंच दोनदा उठले आणि दोनदा बसले. गोजरबाई मात्र झऱ्याकडे टक लावून होत्या, जणू आपल्याच माणसाच्या वाटेकडे बघतायत.

अखेर मुक्तानं बगळा बाहेर काढला. सगळे पुढे वाकले.

बगळा पिवळा नव्हता. तो तांबडालाल झाला होता.

"पिवळा म्हनली हुतीस," सरपंच म्हणाले. "ह्यो तर लाल हाय. लाल मातीला डोंगरात काय तोटा? चला, गोजरबाई."

गोजरबाई मटकन खाली बसल्या. आसारामनं सुस्कारा सोडला. आपण एका म्हातारीची चूल पणाला लावली आणि वर तिची हळदही घालवली! मुक्ता नुसती बगळ्याकडे बघत राहिली. लाल कसा? डबक्याची माती लागली तेव्हा बगळा विटकरी दिसत होता. हा लाल वेगळा होता. हा लाल तिनं कुठे तरी रोज पाहिला होता.

सरपंचांनी पुन्हा तंबाखूची डबी उघडली. मुक्ताचं लक्ष त्यातल्या पांढऱ्या चुन्यावर गेलं आणि ती ताडकन उठली.

"सरपंचकाका, नखभर चुना द्या!"

"आं? तंबाखू खातीस का काय?"

"द्या तर."

गोरक्षनं परत आणलेलं हळदीचं फडकं तिथेच पडलं होतं. त्यावर चिकटलेली हळद तिनं सरपंचांच्याच तळहातावर झटकली, पाण्याचा थेंब टाकला आणि वर चुन्याचं बोट टेकवलं. पिवळी हळद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लाल झाली. अगदी बगळ्यासारखी.

"हळदीला चुना लागला की कुंकू होतं," गोजरबाई पुटपुटल्या. "आरं द्येवा."

"आणि सिमेंटमध्ये चुना असतो!" गोरक्ष ओरडला.

"नुसती हळद खाली आली असती, तर बगळा पिवळा झाला असता," मुक्ता म्हणाली. "पण टाक्यातच तिला सिमेंटचं पाणी भेटलं. टाक्याचं पाणी झऱ्यात येतं, ते सिमेंट घेऊनच येतं. मावशींचे हात स्वच्छ आहेत, काका."

सरपंच आपल्या लाल तळहाताकडे बघत बसले. मग त्यांनी तंबाखू झटकून टाकली.

"चूल मोडाया आल्तो," ते म्हणाले, "आनि माजंच हात रंगलं. हिरीवर धुऊ नगा म्हनलो, पन कुटं धुवायचं त्ये सांगितलं न्हाई. गोजरबाई, चुकी माजी हाय."

"निम्मी माजी," आसाराम खाली मान घालून म्हणाला.

आसाराम बोलला ते त्यानं करून दाखवलं. कामावरचे दहाबारा गडी लावून टाकं उपसलं, तळ खरवडला. सरपंचांनी पोती झटकायला आणि धुवायला नाल्याच्या पल्याड जागा नेमून दिली. मामांनी मुक्काम वाढवला. डोंगर काही पळून जात नाही, असं ते म्हणाले. मुक्ता रोज बगळा कुंडीत उभा करायची. राखाडी लेप फिका होत गेला, आणि एका सकाळी बगळ्यावर नुसती चिमूटभर तांबडी माती दिसली. ब्रश फिरवताच ती निघून गेली. इतक्या आनंदानं मातीकडे कुणी कधी पाहिलं नसेल. मग कुंडीतलं पाणी आधी सरपंच प्याले आणि दिवसभर गावात ठणठणीत फिरले.

गोजरबाईंची चूल पेटली. पहिला कप सरपंचांनी घेतला, सगळ्या गावासमोर, आणि बशी चाटूनपुसून दुसरा मागितला. "बेलापूरची पोर लई डोक्याची हाय," ते म्हणाले. कानिफनं तीन कप घेतले. त्याच्या पोटाला काही झालं नाही.

निघताना मुक्ता थैली हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग तिनं ती गोजरबाईंच्या ओटीत ठेवली.

"मावशी, हा इथं राहू दे. रोज ब्रशानं घासा. माती लागली तर काळजी नाही. दुसरा कुठला रंग दिसला, तर चहा टाकू नका."

"आगं, आनि तुमाला डोंगरात पानी?"

मुक्तानं याचा विचारच केला नव्हता. तिनं मामांकडे पाहिलं. मामांनी गोरक्षच्या पाठीवरची तांब्याची कळशी सोडवून घेतली, चुलीवर उकळून निवलेलं पाणी तिच्यात काठोकाठ भरलं आणि कळशी स्वतःच्या खांद्यावर चढवली.

"मामा, जड आहे," गोरक्ष म्हणाला.

"असू दे," मामा म्हणाले. "त्या बगळ्याचं काम करायचं, तर एवढं जड व्हायलाच हवं. मुक्ता, तू पुढं हो. वाट तू दाखव."