अकरा नंबरची नाडी

पटलं तर बघा, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही खोटं नाही. जिच्याबाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे, आणि मी हे लिहितेय तेव्हा ती माझ्या शेजारी पडलेली आहे. मी एका हाताने फोनवर टाइप करतेय. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे.

ही दुपारची आहे. लख्ख ऊन, उघड्या खिडक्या आणि घड्याळात बरोबर दोन.

मावशी छत्तीस वर्षं नर्स होती. फटकळ एक नंबरची. डॉक्टरांनाही हात धुवायला परत पाठवायची. आमच्या घरात कुणाला साधी शिंक आली तरी आधी तिला फोन जायचा आणि मग रुमाल शोधला जायचा. भूतबित म्हटलं की ती म्हणायची, "जित्यांना सुया टोचून माझा जीव मेटाकुटीला येतो, मेलेल्यांकडे बघायला वेळ कुठाय?"

तेव्हा ती तिशीची होती. लहानसं दुमजली हॉस्पिटल, वरच्या मजल्यावर पुरुषांचा वॉर्ड. वीस खाटा, दहा इकडे, दहा तिकडे. दोन खाटांच्या मध्ये एकेक हिरवा पडदा. दुपारी भेटायला आलेली माणसं गेली की पडदे ओढायचे, आणि दोन वाजता प्रत्येकाची नाडी बघायची. एक नंबरपासून वीस नंबरपर्यंत.

सगळ्या नर्सेसच्या वर मोठ्या सिस्टर होत्या. त्यांचा एकच मंत्र होता. "आधी हात, मग कागद." म्हणजे पेशंटच्या मनगटाला हात लागल्याशिवाय चार्टवर आकडा पडता कामा नये. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. आणि अंगठ्याने तर कधीच नाही.

"अंगठ्याला स्वतःची नाडी असते, बाई," त्या प्रत्येक नवीन मुलीला सांगायच्या. "समोरचा गेलेला असेल, आणि तू आपलीच मोजत बसशील."

अकरा नंबरला टेपकाका होते. आयुष्यभर शिवणकाम केलेलं, हॉस्पिटलातही गळ्यात मापाची टेप. छातीत दुखलं म्हणून आले होते, आता बरे होते, दोन दिवसांत घरी जाणार होते. दोनच्या सुमाराला ते आपणहून हात पडद्याबाहेर काढून ठेवायचे. तळवा वर.

"घ्या सिस्टर, माप घ्या. नीट घ्या हं. कापड एकदा कापलं की कापलं."

मावशी कितीही वैतागलेली असली तरी हसायची.

त्या दुपारी तिच्या जोडीची नर्स आजारी पडली. बदली कुणी पाठवलं नाही. वीस पेशंट आणि मावशी एकटी. चार नंबरची सलाइनची सुई निघाली, चादरभर रक्त. ते आवरतेय तोवर नऊ नंबरला उलट्या. अडीचला मोठे डॉक्टर फेरीला येणार, त्याआधी सगळे चार्ट भरलेले हवेत. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

दहा नंबर झाला. ती अकराकडे वळली. हात बाहेर होता, नेहमीसारखा.

तेवढ्यात सोळा नंबर ओरडला.

"येते हं काका," मावशी म्हणाली. "दोन मिनिटांत."

ती दोन मिनिटं कधी आलीच नाहीत. सोळानंतर सतरा, मग अठरा. टेबलावर बसून चार्ट भरताना तिच्या लक्षात आलं की अकरा राहिला. तिने मान वर करून पाहिलं. हात तसाच बाहेर होता. सकाळी शहात्तर होते. रोजच शहात्तरच्या आसपास असायचे.

तिने लिहिलं. नाडी ७६. झोप शांत.

आधी कागद. हात नाहीच.

अडीचला मोठे डॉक्टर आले, चार्टवर 'झोप शांत' वाचून पुढे गेले. सव्वातीनला काकू आल्या. टेपकाकांची बायको. हातात चहाचा थर्मास. पडदा सरकवला आणि थर्मास खाली पडला.

डॉक्टर म्हणाले, जाऊन तास-सव्वा तास झाला असावा. मग त्यांनी चार्ट बघितला. दोन वाजता सगळं ठीक. म्हणाले, अचानक गेले, कुणाचा इलाज नव्हता. कुणी मावशीला एका शब्दाने विचारलं नाही. कागदाने तिला वाचवलं होतं.

फक्त काकूंनी विचारलं. "सिस्टर, दोनला तुम्ही बघितलं होतंत ना त्यांना? शांत होते ना हो?"

मावशी म्हणाली, "हो काकू. शांत होते."

तो हात आत घ्यायला मावशीलाच जावं लागलं. तळवा वर, बोटं किंचित मिटलेली. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

पुढचे चार दिवस अकरा नंबर रिकामा होता.

त्यातल्या पहिल्या दुपारी ती दोनची फेरी करून टेबलाशी आली. त्या दिवसापासून तिने नियम केला होता. प्रत्येकाची नाडी मोजायची, खिशातल्या चिठ्ठीवर तिथल्या तिथे लिहायची, मग चार्टवर उतरवायची. पेशंट एकोणीस होते.

चिठ्ठीवर आकडे...

वीस होते.

तिने पुन्हा मोजले. दहा नंबर ८२. बारा नंबर ९०. आणि त्या दोघांच्या मध्ये, तिच्याच अक्षरात, ७६.

थकव्याने हात चालला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी ती अकराच्या बाजूला फिरकलीच नाही. दहावरून वळसा घालून थेट बारावर गेली.

चिठ्ठीवर वीस आकडे. ७६.

तिसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या नर्सला चिठ्ठी लिहायला दिली. आपण नुसते आकडे सांगायचे. फेरी संपल्यावर ती मुलगी म्हणाली, "ताई, रिकाम्या खाटेचा आकडा कशाला सांगितलात?"

"मी सांगितला?"

"मग कोणी? शहात्तर म्हणालात की."

चौथ्या दुपारी मावशी एकटी होती. वॉर्ड जेवून झोपला होता. पंखा चालू होता. मग तिच्या लक्षात आलं की पंखा फिरतोय, पण आवाज येत नाही. घोरणं नाही. खोकला नाही. खालच्या रस्त्यावरची वाहतूक नाही. एकोणीस माणसांच्या वॉर्डात एकही आवाज नाही...

अकराच्या पडद्यातून हात बाहेर आला होता.

तळवा वर.

ती पळाली नाही. मी तिला कितीदा विचारलं, का नाही पळालीस? ती म्हणाली, "अगं, नर्सला हात पुढे केला की नर्स धरते. सवय असते ती." तिने तीन बोटं मनगटावर ठेवली. हात गार होता. छातीवर लावलेल्या घड्याळाकडे बघत ती मोजायला लागली.

एक. दोन. तीन.

ठोके लागत होते. स्वच्छ, नियमित. तिने खात्री करायला खाली बघितलं. अंगठा बाजूला होता.

शहात्तरावर ठोके थांबले...

घड्याळाचा काटाही थांबला होता. मिनिट पुरं होत नव्हतं. आणि आता त्या हाताची बोटं हलली. हळूहळू वळली आणि तिच्या मनगटावर येऊन बसली. नीट, जागा शोधून. माप घेतल्यासारखी.

तिला आठवतं ते एवढंच. शुद्धीवर आली तेव्हा मोठ्या सिस्टर तोंडावर पाणी मारत होत्या.

मावशीने त्यांना सगळं सांगितलं. न बघितलेली नाडी, खोटा आकडा, काकूंना दिलेलं उत्तर. सांगताना ती लहान मुलीसारखी रडली. मोठ्या सिस्टर ओरडल्या नाहीत.

"एकटीवर वीस पेशंट टाकले, ती चूक आमची," त्या म्हणाल्या. "मी वर लेखी देईन. पण आकडा तुझा आहे. जा, काकूंना खरं सांगून ये. ते दुसरं कुणी करू शकत नाही."

मावशी गेली. काकूंनी दार उघडलं, तिला ओळखलं आणि हातच धरले.

"बरं झालं आलात. सिस्टर, तुम्ही शांत होते म्हणालात ना, तेवढ्यावर मी दिवस काढतेय. नाहीतर मला वाटत राहिलं असतं, हाक मारली असेल आणि कुणी आलं नसेल."

मावशी दहा मिनिटं बसली. पाणी प्यायली आणि परत आली.

सांगितलं नाही.

काकूही त्या वर्षीच गेल्या. आता सांगायलाही कुणी उरलं नाही.

त्यानंतर चिठ्ठीवर जादा आकडा कधी आला नाही. पण रोज दुपारी दोन वाजता, मावशी कुठेही असो, तिच्या डाव्या मनगटावर तीन गार बोटं बसायची. पूर्ण एक मिनिट. मग सुटायची.

लग्नकार्यात, बसमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना. मी लहानपणी बघितलंय. दोन वाजले की मावशी बोलता बोलता थांबायची आणि डावा हात पुढे करायची. आम्ही भावंडं नकला करायचो. एकदा मी जवळून पाहिलं. तिच्या मनगटाच्या कातडीवर तीन खळगे पडले होते, बोटांनी दाबल्यासारखे. समोर कुणीही नव्हतं. मी नक्कल करायची सोडली.

ती रिटायर झाल्यावर मी एकदा धीर करून विचारलं, "भीती नाही वाटत?"

"येतो तोवर नाही वाटत," ती म्हणाली. "पंचवीसेक वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही त्याने. माझ्यापेक्षा चोख काम करतो. मला भीती वेगळीच आहे."

"कसली?"

"एक दिवस मी हात पुढे करीन, आणि तो म्हणेल..." ती उठून भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

महिन्याभरापासून तिचं हृदय दमलंय. मी तिच्याकडे राहायला आलेय. डॉक्टर म्हणाले, जपा. आज सकाळी ती चांगली होती. माझ्या चहाला नावं ठेवली, म्हणजे चांगलीच होती.

दोनला पाच मिनिटं कमी असताना तिने पलंगावरून डावा हात बाहेर काढला. तळवा वर. मी खुर्चीत बसून बघत होते.

दोन वाजले.

तिच्या मनगटावर काहीच उमटलं नाही.

दोन वाजून एक मिनिट. मावशीने माझ्याकडे बघितलं. त्या बाईच्या डोळ्यांत मी आजवर भीती बघितली नव्हती. आज बघितली. पंखा फिरत होता... आणि मला त्याचा आवाज येईना.

खिडकीच्या पडद्यामागून कुणीतरी बोललं. म्हातारा, जरा थट्टेखोर आवाज. मी स्वतः ऐकला. देवाशपथ ऐकला.

"येतो हं सिस्टर. दोन मिनिटांत."

मी उठून पडदा ओढला. मागे ऊन होतं, बाकी काही नाही.

परत आले आणि मावशीचं मनगट धरलं. तिने डोळे मिटले होते. अँब्युलन्सला फोन केलाय, रस्त्यात आहे म्हणतात. आता दोन वाजून पंचवीस मिनिटं झालीत. मी हात सोडलेला नाही. हे लिहितेय ते घाबरून वेड लागू नये म्हणून.

नाडी लागतेय. नक्की लागतेय. मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा शहात्तर.

मघाशी जरा जीव भांड्यात पडला आणि मी पहिल्यांदाच नीट खाली बघितलं.

मी अंगठ्याने धरलंय.

बोट बदलायला हवं, कळतंय मला. पण हिंमत होत नाहीये.