सांध्यावरचा हिरवा रंग

"तुमचं इंजिन धापा टाकतंय."

काळू नदीच्या बांधावर कुणी अनोळखी तरुण उभा होता. गळ्यात दुर्बीण, हातात वही.

"म्हातारं आहे," मी म्हटलं. "टाकणारच."

"वयाची धाप अशी नसते. हे धावतं, दचकतं, मंदावतं... पुन्हा धावतं." तो खाली उतरला. "मी सलिल. पक्षी बघायला आलेलो. एरवी डोंबिवलीच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो."

"मी दर्शना. एरवीही हेच यंत्र दुरुस्त करते — आणि ते ऐकत नाही."

तो हसला. मी नदीतून पाणी उपसणारं ते इंजिन बंद केलं. पुन्हा हँडल मारण्याआधी माझा अंगठा सवयीने एका सांध्यावर टेकला. तिथल्या हिरव्या रंगात बाबांच्या अंगठ्याचा ठसा होता. दर खंडेनवमीला ते इंजिन धूत, रंगवत, हार घालत. ते जाण्याआधीच्या शेवटच्या वर्षी, रंगवून उठताना, त्यांचा अंगठा ओल्या रंगावर टेकला. त्या ठशात माझा अंगठा अजून नेमका बसे.

सलिलने ते पाहिलं. सांध्याकडे निघालेलं त्याचं बोट मागे फिरलं.

"आधी... डिझेलचा फिल्टर बघू," तो म्हणाला.

माझा भाऊ विकी वैतागलेला. "ताई, डबा झालाय त्याचा. विजेचा पंप बसवू. महिन्याच्या चौथ्या रविवारी भंगारवाला येणार, फायनल!"

दुसऱ्या रविवारी सलिलने नळीतली हवा काढली, तिसऱ्या रविवारी स्प्रिंग बदलली. धाप तशीच. तो मात्र येत राहिला. आणि मी, भेंडीच्या ओळींमधून, बांधाकडे पाहत राहिले.

"पक्षी राहिले की तुमचे," मी एकदा म्हटलं.

"एक खंड्या दिसला. वहीत नोंद करायला गेलो, तर पानभर डिझेलचे डाग."

"मग दोष खंड्याचा."

"नाही... दोष इथं येण्याच्या ओढीचा," तो म्हणाला, आणि पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

चौथ्या रविवारी विकीचा फोन आला. भंगारवाल्याचा टेम्पो निघाला होता.

सलिलने पाना खाली ठेवला. "दर्शना, एक उपाय उरलाय. पहिल्याच दिवशी दिसला होता."

"आणि सांगितला नाहीत? चार रविवार?"

"भार वाढला की डिझेल वाढवायचं, उतरला की आवरायचं — हे गव्हर्नरचं काम. त्याची दांडी या सांध्यावर हलते. रंगाच्या थरांनी सांधा आखडलाय. दांडी अडकते, मग झटक्याने सुटते. म्हणून धाप." त्याचा आवाज खाली आला. "रंग खरवडावा लागेल. मला सांगवेना. म्हणून बाकी सगळं करून पाहिलं."

राग यायला हवा होता. आला तो हुंदका.

मी विळा घेतला. सलिलने नदीकडे तोंड फिरवलं, मी सांगितलं नव्हतं तरी. वरचा हिरवा निघाला, ठशासकट, बोटांमध्ये चुरा होत. त्याखाली आणखी एका वर्षाचा हिरवा, त्याखाली आणखी एका... आणि अखेर उघडं, थंड लोखंड. सलिलने वळून तेलाचा थेंब सोडला. दांडी बोटाच्या स्पर्शाने झुलली.

हँडल मारण्याआधी माझा अंगठा जुन्या जागी गेला. तिथे काहीच नव्हतं. तो क्षणभर अधांतरी राहिला... मग शेजारच्या, डिझेलने माखलेल्या हातावर टेकला. तो हात हलला नाही.

इंजिन लागलं. एकदा अडखळलं, आणि मग बाबांच्या वेळेसारखं संथ, सलग बोलू लागलं. पाटात पाणी आलं.

बांधावरून विकी ओरडला, "ताई, टेम्पो आलाय! काय करू?"

"परत पाठव!"

सलिल हात पुसत म्हणाला, "म्हणजे आता रविवारी माझं इथं काही काम नाही."

"खंडेनवमीला आहे. रंग लावायचाय. सांधा सोडून."

"तिला अकरा महिने आहेत, दर्शना."

"हो. तोवर," मी पाण्याकडे पाहत म्हटलं, "काम नसतानाही या."