रेकॉर्डिंगमधलं बारावं मिनिट

विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या क्लबात सगळे तिला रेडिओवाली म्हणत. हेडसेटच्या तुटक्या तारा जोडायच्या, माइक बदलायचे, एवढंच तिचं राज्य. त्या दिवशी भलताच वारा सुटला होता, उड्डाणं बंद होती. दार ढकलून कुणीतरी आत आलं, तसं तिने मान वर न करताच सुनावलं, "दार लावा आधी! स्क्रू उडतील माझे."

दार काही लागलं नाही. वर बघते तर नवे मास्तर. महिन्यापूर्वीच शिकवायला आलेले, आणि आता टक लावून तिच्याकडे बघत उभे.

"काय म्हणालात?"

"दार!"

"अच्छा... मला वाटलं, या म्हणालात."

ती हसली. तिथेच फसली म्हणा ना!

मास्तरांना विमानातलं बोलणं रेकॉर्ड करायचं होतं. ते स्वतः, शेजारी बसलेलं पोर, खालून सूचना देणारा टॉवर, सगळ्यांचं. "खाली आल्यावर पोरांना आपल्या चुका आपल्या कानांनी ऐकू देत," ते म्हणाले.

"होईल. पण फुकट नाही हं."

"मग?"

"एकदा मला वर न्यायचं. सहा वर्षं हेडसेट दुरुस्त करतेय, विमानात बसले मात्र एकदाही नाही."

"हात्तिच्या! एवढंच?"

तिने हेडसेट आणि सॉकेट यांच्यामध्ये बसेल अशी तार बनवली, तिचा एक फाटा खिशातल्या छोट्या रेकॉर्डरला. पहिल्या दिवशी आवाज असा फाटला, की मास्तर कढईत तळले जातायत असं वाटावं. तारेत रेझिस्टर घालून तिने आवाज खाली आणला. दुसऱ्या दिवशी इंजिनाची घरघर मागे राहिली आणि बोलणं स्वच्छ आलं.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी मास्तर रेकॉर्डर घरी न्यायचे, सकाळी परत आणायचे. ती बोलायला लागली की हातातलं काम टाकून तिच्या ओठांकडे बघत राहायचे... पापणीही न लववता. असं कुणी बघितल्यावर माणसाने काय समजायचं? "तारा जोडायला जाताना आरशापुढे अर्धा तास लागतो का गं?" आईने विचारलंच एकदा.

अखेर मास्तरांनी शब्द पाळला. दोघं शेजारी, नजर समोर, तोंडापुढे माइक. खाली शेतांचे चौकोन, काचेवर ऊन. रात्रभर पाठ केलेलं वाक्य तिने एका दमात म्हणून टाकलं, "ऐका ना... मला तुम्ही आवडता. घरी आईला सांगू का?"

मास्तर गप्प. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. डावीकडून एक पांढरं विमान अगदी जवळून गेलं, तिने कसनुसं हसून त्याला हात केला.

नाही तर नाही म्हणावं माणसाने! दुसऱ्या सकाळी रेकॉर्डर परत आला, तसा तिने तो कानाला लावला. बाराव्या मिनिटाला तिचा आवाज होता, खणखणीत. आणि लगेच टॉवर, "डावीकडे विमान आहे. उजवीकडे वळा." शांतता. पुन्हा टॉवर. पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा टॉवर ओरडला, तेव्हा कुठे मास्तर म्हणाले, "वळतोय." तिच्याही कानांवरून ते गेलं होतं, पण तिचं चित्त कुठे थाऱ्यावर होतं! आपण कशाला हात केला होता, हे तिला आत्ता कळलं.

मास्तर पाठमोरे तार गुंडाळत होते. ती हळूच म्हणाली, "मास्तर." मग जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने.

ते वळले नाहीत. टक लावून बघणं म्हणजे काय होतं, तेही तिला त्याच क्षणी कळलं.

ती समोर जाऊन उभी राहिली. "रेकॉर्डिंग पोरांसाठी नव्हतं."

मास्तर खाली बसले. "काय काय सुटलं, ते घरी आवाज वाढवून ऐकतो. गेलं वर्षभर असंच सुटतंय."

"म्हणजे माझंही..."

"काल सात वेळा ऐकलं. पण उत्तर दिलं असतं, तर तेव्हाच का नाही दिलं, हे तुम्ही विचारलं असतं." त्यांनी हातातली तार बाजूला ठेवली. "दोन महिने द्या. ही तुकडी पार पडू दे. उडणं गेलं तर माझ्याकडे दुसरं काहीच नाही हो."

"आता उडायची पाळी कुणाची?"

"त्या वेणीवालीची. दहा वाजता."

"एकोणीस वर्षांची आहे ती." तिने रेकॉर्डर उचलला. "मी क्लबच्या मोठ्या साहेबांकडे जातेय."

"मग निदान तुमचं वाक्य तरी कापा! अब्रू जाईल तुमची."

"कापलेलं रेकॉर्डिंग खरं कोण मानेल?"

मोठ्या साहेबांच्या खोलीत तिने स्वतःच बटण दाबलं. तिचं प्रेम त्या रुक्ष माणसाच्या टेबलावर मोठ्याने वाजलं, आणि पाठोपाठ टॉवरच्या तीन हाका. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी चष्मा काढला.

दारात मास्तर उभे होते. आत येऊन त्यांनी खिशातून लायसन्स काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग कुणाकडेही न बघता ते बाहेर गेले.

ती मागे धावली. मास्तर धावपट्टीच्या कुंपणाशी पाठ करून उभे. दहा वाजून गेले होते, वेणीवालीला घेऊन दुसरे शिक्षक निघाले होते. विमान डोक्यावरून गेलं, तरी मास्तरांनी मान वर केली नाही.

"रागावलात माझ्यावर?" तिने विचारलं. तिचे डोळे वाहत होते. "रागवा. पण मी काल म्हणाले ते आजही..."

तिची सावली पायाशी आली तेव्हा ते दचकले, वळले. डोळे लाल, तोंड वेडंवाकडं झालेलं. जगात आजवर कुणालाही न सांगितलेलं वाक्य ते चाचरत बोलले.

"जरा समोर या... आणि पुन्हा सांगा. मला ऐकू येत नाही."