दुसऱ्या आवाजातल्या गाळलेल्या जागा

"मी चोर नाही," असं म्हणत जो माणूस दारातून आत येई, त्याला आंटी सेरवा आधी बसायला सांगत आणि मग खायला देत. खाताना माणूस खोटं कमी बोलतो, हा त्यांचा अनुभव. बावीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेल्या दुकानांची राख उकरली, मग निवृत्त होऊन घानातल्या कुमासी शहरातच खासगी तपासाची पाटी लावली.

दुफी अम्पोमाने मात्र केलेवेलेच्या ताटलीला हात लावला नाही. केळ्याच्या त्या तिखट फोडी मास्तर अपेंटेंग यांनी हळूच आपल्याकडे ओढून घेतल्या.

"शुक्रवारी अक्राला स्पर्धेचे परीक्षक बसताहेत," दुफी म्हणाली. "आमचा गेम बाद होणार. आणि धून चोरणारी म्हणून माझं नाव जाहीर होणार. त्यानंतर मला कोण काम देईल, आंटी?"

"चोरली आहेस का?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर!"

"विचारायला काय जातं?"

मास्तर म्हणजे चर्चच्या गायनवृंदाला चाळीस वर्षं रडवून निवृत्त झालेले गृहस्थ. आंटी सेरवांची जुनी टोयोटा तेच चालवत. प्रत्येक प्रकरणात चुकीचा माणूस सर्वांत आधी पकडण्याचं कामही त्यांच्याकडेच असे.

दुफीने सांगितलं ते थोडक्यात असं. तीन मित्रांबरोबर तिने एक गेम केला होता, चाळीस वर्षांपूर्वीच्या गेमसारखा, चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांचा. एक कोंबडी पत्र्याच्या छतांवरून चालत जाते. त्याची धून दुफीने जानेवारीत बांधली. पण अक्राच्या एलिकेम डोत्से नावाच्या संगीतकाराने तीच धून दोन मार्चला स्वतःच्या नावाने इंटरनेटवर टाकली. यांचा गेम स्पर्धेत पोचला चौदा मार्चला.

"जानेवारीची फाइल दाखव, प्रश्न मिटला," आंटी म्हणाल्या.

"लॅपटॉपबरोबर गेली. वीज गेली, आणि परत आली ती अशी आली की लॅपटॉपमधून धूर निघाला. दुसरी प्रत आमच्यातल्या फ्रिम्पोंगकडे आहे, पण तो नवी आली की जुनी पुसतो."

"डोत्सेने गेम पाहिला होता?"

"नाही म्हणतो. शपथेवर."

आंटींनी फोनवर दोन्ही धुना लावल्या. आधी दुफीची, मग डोत्सेची. दोन गिटारी एकमेकींशी बोलाव्यात तशी ती धून होती. एक आवाज विचारतो, दुसरा उत्तर देतो, खाली खर्ज चालतो आणि मागे ताशासारखी खरखर.

मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. "खरं सांगू? मला डोत्सेची जास्त आवडली. उत्तर देणारा मध्येच थांबतो, श्वास घेतो. चार ठिकाणी. हिच्या धुनेत श्वासच नाही, सगळं ठासून भरलंय."

दुफीचा चेहरा उतरला. "मला श्वास परवडत नाही, मास्तर. माझ्याकडे चारच आवाज."

"आणि डोत्सेकडे?"

"त्याच्याकडे हवे तेवढे. आजच्या संगणकावर शंभर आवाज चढवा, कोण अडवतंय? फक्त जुन्यासारखं ऐकू आलं की झालं. पण मी त्या जुन्या यंत्रांचाच नियम पाळते. चार म्हणजे चार. त्यात गाणंही बसवायचं आणि बाकीचे आवाजही."

"बाकीचे म्हणजे?"

"कोंबडी उडी मारते तेव्हाचा टुक, पडते तेव्हाचा धप. त्यासाठी पाचवा माणूस नाही. चौघांतल्याच एकाने आपलं काम टाकून टुक म्हणायचं आणि परत गाण्यात यायचं. लोक हसतात मला यावरून."

आंटींनी वहीत काहीतरी लिहिलं. लिहिताना त्या कधीही वहीकडे पाहत नसत, समोरच्याकडे पाहत.

"डोत्सेच्या हाती गेम देईल असं कोण आहे?"

"कोणीच नाही. आम्ही चौघंच."

"म्हणजे तिघं," आंटी म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

असाफो भागातल्या एका केशकर्तनालयाच्या वर या चौघांची खोली होती. खालून केस सुकवायच्या यंत्राचा आवाज आणि खोबरेल तेलाचा वास एकत्रच वर येत होता. गेम लिहिणारा फ्रिम्पोंग, चित्रं काढणारी मेन्सिमा आणि गेम खेळून चुका शोधणारा जोजो असे तिघे रांगेत बसले होते, मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखे.

"मला यातलं काही कळत नाही," आंटी म्हणाल्या. कोणालाही बोलतं करायचं असलं की त्या हेच म्हणत. "एकेकाने मला पहिली पायरी खेळून दाखवा. खेळता खेळता बोलू."

फ्रिम्पोंग पुढे सरसावला. कोंबडी आपणहून एका चालीने चालते, खेळणाऱ्याने फक्त बटण दाबून उडी मारायची, हे त्याने समजावलं. पहिल्या पायरीत छतांमध्ये तीन फटी. चुकलं की कोंबडी खाली.

"उडीचा आवाज येत नाही," आंटी म्हणाल्या.

"मी टुक बंद करूनच खेळतो. वर्षभर ऐकतोय. परवा झोपेत बायकोला टुक म्हणालो."

"दुफीशी भांडण झालं होतं तुमचं?"

"भांडण नाही, आंटी. धून लांब आहे, कापू या म्हणालो होतो. तिने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं."

मग जोजो. त्याची कोंबडी छतावर कमी आणि हवेत जास्त. टुक टुक टुक टुक. धुनेतलं उत्तर असं तुटत होतं की जणू गाणाऱ्याला उचकी लागलीय.

"फटी तीनच आहेत ना रे?"

"उडीला पैसे पडतात का, आंटी? मारत राहायच्या."

"डोत्सेला ओळखतोस?"

जोजोचं बोट बटणावरच थांबलं आणि कोंबडी धप्पकन पडली. "शाळेत एका बाकावर होतो. पण मी काही दिलेलं नाही त्याला, खरंच!"

मास्तरांनी आंटींना कोपराने ढोसलं. आंटींनी कोपर बाजूला केलं.

शेवटी मेन्सिमा. नेमकी, शांत खेळणारी. पहिली फट, टुक. दुसरी फट, टुक. मग पाण्याच्या टाकीजवळ, सपाट छतावर, आणखी एक टुक. कोंबडी वर गेली तसा टाकीमागे क्षणभर एक छोटा फलक दिसला, शिवणयंत्राचं चित्र असलेला. मग तिसरी फट, टुक.

"टाकीपाशी तर फट नव्हती."

"हात गेला, आंटी."

"डोत्सेला ओळखतेस?"

"नाव ऐकून आहे."

जिन्यात मास्तर कुजबुजले, "जोजो! एकाच बाकावरचे, आणि चेहरा पाहिलात ना त्याचा?"

"पाहिला. तुमच्या गायनवृंदात बेसूर गाणारा पकडलात की त्याचाही असाच होत असेल, आणि शेजारच्या निर्दोषाचाही. चला वर. मला तुमचा हात लागणार आहे."

"हात?"

"तालावर इशारा द्यायला. चाळीस वर्षं तेच केलंत ना?"

सगळे पुन्हा जमले. दुफी खिडकीशी उभी राहिली. आंटींनी आपला फोन मास्तरांच्या हातात दिला.

"मेन्सिमा, मघासारखंच खेळ. मास्तर, गेममधली धून सुरू होईल त्याच ठोक्याला डोत्सेची धून सुरू करा."

मास्तरांनी हात उचलला, खाली आणला. दोन्ही धुना एकात एक मिसळून चालू लागल्या. पहिली फट आली. गेममधल्या दुसऱ्या आवाजाने उत्तर सोडून टुक म्हटलं, आणि त्याच क्षणी डोत्सेचा दुसरा आवाजही गप्प झाला.

"श्वास," मास्तर पुटपुटले.

दुसऱ्या फटीला तेच झालं. पुढची गप्प जागा मात्र टाकीपाशी आली, आणि तिथे उडी नव्हती. मेन्सिमाने या वेळी बोट उचलूनच धरलं होतं. गेमचं उत्तर सलग वाजत राहिलं, डोत्सेचं तिथे तुटलं. तिसऱ्या फटीला दोन्ही उत्तरं पुन्हा एकदमच थांबली.

"मघाशी मारलीस, आता का नाही मारलीस?" आंटींनी विचारलं.

मेन्सिमाने हात मांडीवर घेतले. आंटी मास्तरांकडे वळल्या.

"तुम्हाला श्वास वाटला ना, मास्तर? ती माणसाने घेतलेली विश्रांती नव्हती. कोंबडी उडते तेव्हा दुफीचा दुसरा आवाज गाणं टाकून टुक म्हणायला जातो, तेवढे सूर वाजतच नाहीत. डोत्सेने कोणीतरी खेळत असताना ही धून ऐकली आणि कानाने उतरवून घेतली. टुक हा वेगळा आवाज आहे, गाण्यावर नंतर चढवलेला, असं तो समजला. त्याच्याकडे आवाजांना तोटा नाही, म्हणून असंही असू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने टुक वगळला आणि खालची जागा रिकामीच ठेवली. स्वतः धून बांधणारा नेमका कोंबडीच्या उडीलाच कशाला थांबेल?"

"पण खेळत कोण होतं?" फ्रिम्पोंगने विचारलं.

"तुम्ही नाही. तुम्ही खेळलात तर टुक नाही, मग गाळलेली जागाही नाही. जोजो असता तर धुनेची चाळण झाली असती. डोत्सेच्या धुनेत जागा चारच. तीन फटींच्या, आणि एक जिथे उडी मारायचं काहीच कारण नाही अशा छतावरची. टाकीमागचा तो फलक तुम्ही पाहिलाय?"

"कुठला फलक?" फ्रिम्पोंग आणि जोजो एकदमच म्हणाले.

"तो माझ्या आईच्या शिवणाच्या दुकानाचा आहे," मेन्सिमा म्हणाली. तिचे डोळे जमिनीवर होते. "उडी मारली तरच दिसतो. मी दर वेळी पाहते."

जोजोने मोठा सुस्कारा सोडला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर उगाचच थाप मारली.

"मी धून दिली नाही," मेन्सिमा म्हणाली. "मी चित्रं पाठवली. फेब्रुवारीत. डोत्से ज्यांच्यासाठी काम करतो त्यांना चित्रकार हवा होता. मी खेळतानाचा व्हिडिओ केला, छतं दिसावीत म्हणून. गाणं मागे वाजत होतं. त्याकडे माझं लक्षही नव्हतं."

"तुला इथून जायचं होतं?" फ्रिम्पोंगने विचारलं.

"लोक म्हणतात, दुफीचा गेम. फ्रिम्पोंगचा गेम. एक एक पत्रा मी ठिपक्या-ठिपक्याने रंगवलाय." तिने मान वर केली. "डोत्सेची धून ऐकली त्याच दिवशी मला कळलं होतं. पण सांगितलं असतं तर जायचं ठरवलं होतं हेही कळलं असतं."

दुफी खिडकीपासून हलली नव्हती. "तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे तू माझ्या शेजारी बसून जेवलीस. परवा मी रडले तेव्हा पाणी कोणी आणलं होतं?"



"व्हिडिओ आहे का अजून?" आंटींनी विचारलं. "पाठवल्याची तारीख?"

"आहे. अकरा फेब्रुवारी."

"मग उद्याची वाट पाहू नका."

मेन्सिमाने फोन काढला. परीक्षकांचा पत्ता फ्रिम्पोंगने सांगितला, जोजोने तो दोनदा तपासला. व्हिडिओ जोडून तिने खाली लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या, पुसल्या आणि थांबली.

"काय लिहू?"

"जे झालं ते," दुफी म्हणाली. "नोकरी शोधत होतीस तेही. अर्धंच सांगितलंस तर ते विचारतील, हा व्हिडिओ डोत्सेकडे गेला कसा, आणि मी पुन्हा चोर."

"मग त्या लोकांकडे मला कधीच काम मिळणार नाही."

"नाही मिळणार."

खाली यंत्र बंद झालं होतं आणि एक बाई मोठ्याने हसत होती. मेन्सिमाने सगळं लिहिलं, शेवटी आपलं पूर्ण नाव घातलं आणि पाठवायच्या आधी फोन दुफीपुढे धरला. दुफीने पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. मग फोन तिच्याच हातात परत दिला.

"तूच दाब," ती म्हणाली.