मान टाकलेलं फूल

जुनी चित्रं स्वच्छ करणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. लोकांच्या आज्या-पणज्या उजळून दिल्या, घरचं चित्र मात्र तसंच राहिलं. आई गेल्यावर दादाने ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "आता तरी हात लाव," म्हणाला.

आई खुर्चीत आणि मांडीवर दीड महिन्याची मी. शिलाई मशीनच्या वर ते कायम टांगलेलं असे. आई शिवता शिवता गुणगुणायची आणि मी चिंध्यांत लोळत वर बघायचे. मशीनच्या तेलाचा वास आला की अजून तीच दुपार समोर येते.

कापसाच्या बोळ्याने काळवंडलेलं वार्निश काढू लागले. आधी आईचे डोळे उजळले, मग बाळाची मूठ. मुठीत काहीतरी होतं. या खुणा आम्हाला पाठ असतात. बाळाच्या हातात फळ म्हणजे उदंड आयुष्य, पक्षी म्हणजे खोडकर जीव. इथे पांढरं फूल होतं, मान टाकलेलं.

तसं फूल गेलेल्या बाळाच्या हातात रंगवतात.

दुसऱ्या दिवशी बाळाचा उघडा खांदा स्वच्छ झाला. त्यावर बोराएवढा तांबडा डाग. मला तसा डाग नाही.

"लहानपणचे डाग जातात गं," दादा म्हणाला. पण तो चित्राकडे बघत नव्हता.

मी मावशीकडे गेले. आईची थोरली बहीण. नव्वदीची, पण सगळं लख्ख आठवणारी.

"माझ्याआधी आईचं एखादं बाळ गेलं होतं का?"

"छे. तुझा दादा, मग तू. बास."

"मग चित्रातलं बाळ?"

ती शालीचं टोक चाळवत राहिली.

"तूच. तापाने गेली होतीस. डॉक्टरांनी तपासून सांगितलं. आठवण राहावी म्हणून चित्रकाराला बोलावलं. तुला मांडीवर घेऊन तुझी आई दिवसभर बसली. सकाळी तुला न्यायचं होतं. चित्राचे रंग अजून ओले, आणि पाळण्यातून रडणं ऐकू आलं! घरात नुसता आनंद. तुझे बाबा तर वेड्यासारखे नाचले."

"आणि आई?"

"पाळण्यापाशी उभी राहून निरखत होती. मला जवळ बोलावलं. कानात विचारलं, 'ताई, ही कोण?'"



याच आईने माझ्या वेण्या घातल्या. माझ्या प्रत्येक आजारपणात उशाशी बसली. कधी एका शब्दाने दुखावलं नाही.

"मग?"

"मग काय. दुपारपर्यंत तिने तुला हात लावला नाही. तू भुकेने कळवळत होतीस. शेवटी तुला उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, 'आलीये तर राहू दे.'"