मर्यादा शून्य

परीक्षेत मी कुणाचाही पेपर हातातून ओढून घेत नाही. कामोठ्यात बारा वर्षं शिकवणी घेते आहे. जो रेंगाळतो त्याला म्हणते, घे अजून पाच मिनिटं.

चारुता, माझी मुलगी, यावर हसायची. शिकवणीचं वेळापत्रक लावायला तिनं मला एक प्रोग्रॅम करून दिला होता. मुलांची नावं आणि सोयीचे तास भरायचे, तो जुळणी शोधतो. मिनिटभरात नाही जमलं तर विचारतो: 'वेळ संपत आली. थांबू?' खाली दोन बटणं, हो आणि नाही.

"मर्यादा घालावीच लागते, आई," ती म्हणाली होती. "नाहीतर बिचारा शोधतच बसेल. शून्य टाकलंस तर मर्यादाच नाही."

गेल्या वर्षी कर्नाळ्याच्या वळणावर तिच्या स्कूटरला ट्रकनं धडक दिली. अकरा दिवस ती यंत्रावर होती. अकराव्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, यंत्र काढायच्या संमतीचा कागद डॉक्टरांनी पुढं केला, त्यावर मी सही केली.

यंदा जूनमध्ये नऊ मुलांची नावं भरली. कागदावर दहा मिनिटांत जमलं असतं. प्रोग्रॅमला जमेना. खाली ओळ आली: 'एकाची जागा लागत नाही.' मी मोजलं. नऊ नावं, नऊही लागलेली.

मर्यादेत शून्य टाकलं आणि त्याला शोधू दिलं. तोवर मुलांना एकत्रच बसवू लागले.

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी चौकट उघडली. 'वेळ संपत आली. थांबू?' मी 'नाही' दाबलं. मग रोज, त्याच वेळी. चारुताच्या ऑफिसातल्या परेशला फोन केला.

"काकू, शून्य असेल तर ती चौकट येऊच शकत नाही," तो म्हणाला. "बंद करून टाका ना."

मी बंद केलं नाही.

आज अकरावा दिवस. मुलं गणिताचा पेपर लिहीत होती.

चार वाजून दहा झाले. चौकट उघडली. आज प्रश्न नव्हता. बटणंही नव्हती.

'मर्यादा: अकरा दिवस. ठरवणारी व्यक्ती: आई.'

"बाई, पेपर गोळा करू?" सहावीतल्या रोशनीनं विचारलं.

"नको," मी पडद्याकडेच बघत म्हटलं. "लिहू दे अजून."

"कोणाला?"

मी वळले. नऊही मुलं पेनं खाली ठेवून, हाताची घडी घालून बसली होती.

कागदावर पेन चालल्याचा आवाज मात्र येत होता. भरभर, वेळ संपत आल्यासारखा.