त्याच्या नावाची मूठ

जळगावच्या बसस्थानकावर वैशाखातली दुपार अशी पेटली होती, की लोखंडी बाकावर टेकायलाही कुणी धजत नव्हते. धुळ्याच्या फलाटावर खांबाच्या अरुंद सावलीत हितेंद्र अंग चोरून उभा होता. अचानक शेजारून काही शब्द आले आणि तो दचकला.

“ते क्विएरो... ते क्विएरो...”

एक मुलगी मोबाइल कानाशी धरून, डोळे मिटून ते शब्द घोटत होती. डोक्यावरून ओढणी, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर परीक्षेला निघाल्याचे गांभीर्य. हितेंद्र अनोळखी माणसाला वेळ विचारतानाही अडखळणारा. पण चुकीचा उच्चार त्याला दातात अडकलेल्या काडीसारखा सलत असे.

“ते किएरो,” तो हळूच म्हणाला.

तिने डोळे उघडले. “काय म्हणालात?”

“ते... किएरो. ‘क्वि’ नाही, ‘कि’.”

“म्हणजे तुम्ही आत्ता, भर बसस्थानकात, मला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं म्हणालात?”

हितेंद्रचे कान तापले. “मी... फक्त उच्चार सांगितला.”

“उच्चार काय! मग शिक्षा म्हणून ही बॅग धरा. बस लागली की मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरते.”

“दोघांची?”

“एरंडोलपर्यंत तरी माझे उच्चार सुधारायला नकोत का?”

बस सुटली आणि खिडकीतून झळा आत येऊ लागल्या. बोलत होती ती. तो ऐकत होता. ती दिपमाला, मेहरूणची; केळीची रोपे वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. धुळ्याच्या ललितचे स्थळ आले होते. मुलगा चांगला, स्पेनमध्ये वालेन्सियाला नोकरी करणारा. आज त्याच्या घरच्यांना भेटायला ती मावशीकडे निघाली होती. तिकडे राहायचे तर भाषा यायला हवी, म्हणून तो रोज फोनवर चार शब्द पाठवी. हितेंद्रनेही तुटक वाक्यांत स्वतःची ओळख दिली. वरणगावचा; वडील तिथल्या कारखान्यात. पुण्यात स्पॅनिश शिकला, आता घरी बसून भाषांतरे करतो, कुणी आले तर शिकवतो. पारोळा येईपर्यंत दिपमालाने त्याला आपला शिक्षक नेमूनही टाकले होते.

मेहरूणच्या घराच्या ओट्यावर शिकवणी सुरू झाली. आत सुलक्षणाकाकू, म्हणजे दिपमालाची आई, भाजी निवडत बसलेली असे. तिचे माहेर शिंदखेड्याकडचे. बोली तिने तशीच जपली होती. दिपमालाला व्याकरणाचा कंटाळा. पुस्तकातला प्रेमाचा आणि नात्यांचा धडाच आधी हवा, असा तिचा हट्ट.

“मेदिआ नारांखा,” हितेंद्रने सांगितले. “शब्दशः अर्धं संत्रं. म्हणजे जिवाभावाचा जोडीदार... आपला उरलेला अर्धा भाग.”

“अर्धं संत्रं! मग आपल्या जळगावात अर्धं केळं म्हणावं लागेल.”

“कापेल केळं काळं पडी जास, माय!” आतून काकूचा आवाज आला. दोघेही हसले.

दुसऱ्या एका संध्याकाळी त्याने ‘दार कालाबासास’ शिकवले. भोपळे देणे. कुणी प्रेमाची मागणी घातली आणि समोरच्याने नाकारली, की त्याला भोपळे दिले म्हणतात.

“आपल्याकडे नारळ देतात,” दिपमाला म्हणाली. मग मान तिरकी करून, “तुम्हाला किती जणींनी भोपळे दिले, सर?”

“मागितल्याशिवाय भोपळासुद्धा मिळत नाही.”

ती हसली नाही. त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्याने हितेंद्रला पुस्तकाचे पान उलटावेसे वाटले. त्याने ते उलटलेही.

आषाढ सरला. ओट्यासमोरच्या कडुनिंबावरून पावसाचे थेंब संथपणे गळत. अशाच एका ओल्या संध्याकाळी त्याने तिला ‘ते एचो दे मेनोस’ हे वाक्य दिले. मला तुझी उणीव भासते. तिने ते पुन्हा पुन्हा म्हटले, पण नेहमीसारखे मोठ्याने नाही.

“ललितना पाठवा,” तो म्हणाला.

पुढच्या शिकवणीला ती उशिराच बाहेर आली. “नाही पाठवलं. उणीव भासायला माणूस आधी जवळ असावा लागतो.” थोडा वेळ ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. “मला उणीव भासते ती... तुम्ही येत नाही त्या दिवशी.”

पाऊस पडत होता. आत कुकरची शिटी झाली.

“यावर स्पॅनिशमध्ये काय उत्तर देतात, सर?”

उत्तर त्याला ठाऊक होते. दोन्ही भाषांत ठाऊक होते.

“ते... पुढच्या धड्यात आहे,” तो म्हणाला.

दिपमालाने पुस्तक मिटले. “कानबाईच्या सणानंतर माझा टिळा आहे, म्हणजे लग्न पक्कं. त्याआधी नानांशी बोला. माझे वडील ओरडणारे नाहीत, ऐकून घेतील. पण कुणी बोललंच नाही, तर ते तरी काय ऐकणार?”

“बोलतो. कानबाईच्या दिवशी मला बोलावलंच आहे काकूंनी. त्या दिवशी बोलतो.”

तिने पहिल्यांदाच त्याला नुसते ‘हितेंद्र’ म्हटले. “नक्की?”

“नक्की.”

श्रावणातल्या त्या रविवारी तो वरणगावहून निघाला तेव्हा अंगात इस्त्रीचा सदरा होता आणि ओठांत एकच वाक्य. ‘नाना, मला दिपमालाशी लग्न करायचं आहे.’ भुसावळ गेले, नशिराबाद गेले. वाक्य त्याने इतके घोळवले, की त्याच्या कडा झिजून ते गोटीसारखे गुळगुळीत झाले.

घर माणसांनी भरले होते. चौरंगावर कानबाई देवी बसली होती. श्रीफळाच्या मुखवट्याला नथ, अंगावर हिरवी साडी. बायका गाणी म्हणत होत्या. आतल्या खोलीत भाऊबंदकीतले पुरुष पंगतीला बसले होते, कारण कानबाईच्या नैवेद्याचा गव्हाचा रोट भाऊबंदांनीच खायचा असतो. परक्याला त्याचा तुकडाही देत नाहीत. हितेंद्र रीतीप्रमाणे बाहेरच थांबला. तेवढ्यात सुलक्षणाकाकू आली, त्याचा हात धरला आणि त्याला थेट पंगतीत नेऊन बसवले.

“काकू, मी... इथं?”

“मंग कोठे? तू काय परका शे का?” तिने त्याच्यापुढे पान वाढले. रोट, खीर, लाल भोपळ्याची भाजी. “घरना एकेक पुरुषना नावनी मूठ घालीसन रोटना गहू दळतस. यंदा एक मूठ जास्तीनी घालेल शे. तुन्हा नावनी.”

क्षणभर हितेंद्रला सुख झाले. या घराने आपल्या नावाने गहू दळले! आणि दुसऱ्याच क्षणी त्याने पानाकडे नेलेला हात मागे घेतला. त्याच्याही घरी कानबाई बसत असे. न कळण्याजोगे यात काही नव्हते. रोट खाल्ला की तो या घरचा भाऊबंद. आणि भाऊबंदकीत सोयरीक होत नाही.

त्याने वर पाहिले. काकूचे डोळे भरले होते. त्यांत कपट नव्हते. उघड्या दाराला वेळीच कडी घालणाऱ्या आईची भीती होती. तिने ओट्यावरचे सारे ऐकले होते.

स्वयंपाकघराच्या दारात दिपमाला खिरीचे पातेले घेऊन उभी होती. तिने मान हलवली. अगदी थोडी... नाही म्हण.

“बस रे पोरा, लाजू नको,” नाना पंगतीतून प्रेमाने म्हणाले.

“खाई टाक भाऊ!” पंगतीत शेजारी बसलेले भाऊबंदांतले उखर्डूआबा गरजले. “कानबाईना रोटले कोनी नही म्हनस का?”

सगळे थांबले होते. आज, या घटकेला, नाना ऐकायला समोर बसले होते. गोटीसारखे ते वाक्य जिभेवर होते. पण नाही म्हटले की कारण सांगावे लागणार. देवीसमोर, दोन डझन डोळ्यांसमोर. बघता बघता हितेंद्रच्या हाताने रोट मोडला, खिरीत बुडवला आणि घास तोंडात गेला.

काकूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “चाला, आते मन्ही दिपमालाले भाऊ भेटना.”

दिपमालाला भाऊ मिळाला म्हणून पंगत आनंदाने पुटपुटली. दारातले पातेले कुठेतरी जोरात टेकवल्याचा आवाज झाला.

मागच्या अंगणात हातावर पाणी घालायला दिपमालाच आली. तांब्याची धार सरळ पडत होती. तिचा हात हलत नव्हता.

“फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं.”

“सगळे बसले होते, दिपमाला...”

“हो. सगळे बसले होते. म्हणूनच म्हणायचं होतं.”

कित्येक महिन्यांत न फुटलेला त्याचा आवाज आता फुटला. “ते आमो.”

शिकवताना त्यानेच सांगितले होते, की ‘ते किएरो’हून खोल प्रेमाचा हा शब्द सहसा उधळायचा नसतो.

“परक्या भाषेत फार धीट आहात तुम्ही,” ती म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

टिळा झाला. लग्न मार्गशीर्षात, धुळ्याला. नवरीला सख्खा भाऊ नव्हता. आमंत्रण द्यायला काकू स्वतः वरणगावला आली आणि भावाचा मान कुणाचा, हे कुणाला विचारावे लागले नाही.

मांडवात कानपिळीची वेळ आली. डोक्याला फेटा बांधून हितेंद्र पुढे झाला आणि त्याने नवरदेवाचा कान धरला. ललित मोकळा, हसरा माणूस होता. त्याचा राग यावा असे त्याच्यात काहीच नव्हते, आणि हितेंद्रला तेच सोसवत नव्हते.

“अजून जोरात, कुन्यादो!” ललित ओरडला आणि मांडवाकडे वळून त्याने अर्थही सांगितला, “तिकडे मेहुण्याला म्हणतात!”

मांडव हसला. हितेंद्रही हसला, भावाने अशा वेळी हसायचे असते.

“भावानं लाह्या घालाव्या,” भटजी म्हणाले.

दिपमालाने मेंदीची ओंजळ पुढे केली. इतक्या जवळून तिचे हात त्याने कधी पाहिले नव्हते. तो लाह्या घालू लागला, घालतच राहिला. ओंजळ शिगोशीग भरली, लाह्या कडेवरून सांडू लागल्या, तरी त्याचा हात थांबेना.

“पुरे, दादा,” ती म्हणाली.

आणि तिने ओंजळ अग्नीत रिकामी केली.